पंगतीतलं औषध

आमच्या डॉक्टरसाहेबांनी मुंबईचं औषध विकलं नव्हतं. एवढं आधी लिहून टाकतो, कारण पुढचं कुणी वाचेल न वाचेल. मोताळ्यापासून धामणगाव बढ्यापर्यंत आजही एखादा म्हातारा भेटतो आणि दवाखान्याच्या मोडक्या फाटकाकडे हात करून सांगतो, "इथं एक डॉक्टर होता. गरिबाचं औषध इकून खाल्लं त्यानं." सांगणाऱ्याच्या मनात पाप नसतं. त्याने ते तसंच ऐकलेलं असतं. मी त्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषध माझ्या हातून रोग्याच्या हातात जायचं. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. दवाखाना ट्रस्टचा, टिनाच्या छपराचा, आवारात विहीर आणि मागे रोग्यांच्या माणसांना स्वयंपाक करायला एक लांबट शेड. डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. तिकडची चालती प्रॅक्टिस सोडून ते इकडे का आले, याबद्दल गावात बरेच तर्क होते. बायकोशी पटत नाही, हा त्यातला आवडता. पण बाई इथेच राहत होत्या, आणि दोघं रोज संध्याकाळी ओट्यावर बसून इतकं मन लावून भांडत की पटत नसावं असं काही वाटत नसे.

लोक त्यांना 'आ-कर डॉक्टर' म्हणत. ओळख झाली की माणूस नमस्कार करतो, साहेब म्हणायचे, "आ कर." खिशात दाढीचा गोल आरसा आणि चपट्या दांड्याचा चमचा. आरशावर ऊन घ्यायचं, ते समोरच्याच्या तोंडात पाडायचं, दांड्याने गाल बाजूला सारायचा. पोस्टमन, तलाठी, बाजाराला आलेल्या बाया, कुणी सुटलं नाही. मलकापूरच्या एसटीचा कंडक्टर आमच्या थांब्यावर खाली उतरेनासा झाला, तर साहेब खिडकीखाली जाऊन उभे राहू लागले.

"काऊन हो डॉक्टर," तो एकदा वैतागून म्हणाला, "माह्यं तोंड काय सरकारी इमारत हाये काय, येता-जाता तपासाले?"

"इमारत पडली तर दुसरी बांधता येते," साहेब म्हणाले. "आ कर."

एका लग्नात त्यांनी नवरदेवालाच गाठलं. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मांडवाच्या दारात उभा, गालात तंबाखू. साहेबांनी त्याला सासऱ्यादेखत थुंकायला लावलं आणि आरसा काढला. मुलीचा बाप हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आधी अक्षता तर पडू द्या." साहेब म्हणाले, "पडू द्या की. तोंड तेवढं उघडं राहू दे." नवरदेवाचं तोंड ठीक निघालं. त्याच्या काकाच्या गालात मात्र पांढरा चट्टा होता, कडेला घट्ट झालेला. साहेबांनी त्याला पंगतीतून उठवलं आणि तसाच दवाखान्यात आणला. तो काका पुढे बरीच वर्षं जगला, आणि साहेबांचं नाव निघालं की एवढंच म्हणायचा, "बुंदी खाऊ देल्ली नाही त्या बाबानं."

आमच्या भागात तंबाखूची सवय घरोघर. वॉर्डच्या दाराशी साहेबांनी खिळे ठोकले होते. आत येणाऱ्याने आपली चंची तिथे टांगायची, घरी जाताना परत घ्यायची. कुणाची ठेवून घेतली नाही, फेकली नाही. "मी चोर नाही," म्हणायचे. "तुझी आहे, तू ठरव." पुष्कळ चंच्या तिथेच राहिल्या. काही घरी विसरल्या म्हणून, काही न्यायला माणूसच उरला नाही म्हणून.

मधूनच ते हट्टाने वऱ्हाडी बोलायचे. 'मले', 'तुले' सगळं बरोबर, पण चाल पुण्याची, त्यामुळे बाया तोंडाला पदर लावून हसत. त्यांना त्याचं काही नव्हतं. हसताना तोंड किती उघडतं ते बघून घेत.

आणि खरं सांगायचे. त्या काळी या रोगाचं नाव घेत नसत. 'तो रोग' म्हणत. मुलगा दाराआड बोलावून म्हणायचा, "साहेब, बुढ्याले सांगू नका." साहेब म्हणायचे, "रोग त्याचा आहे, तुझा नाही." आणि आत जाऊन म्हाताऱ्याशेजारी खाटेवर बसून सांगत. म्हातारा कधी रडायचा, कधी वावराची वाटणी करायला घ्यायचा. एकाने शांतपणे विचारलं होतं, "मंग कापूस येचून घेऊ का आधी?"

सुभद्रामावशी आली ती अशा घरातून. माझ्या आईच्या गावची, म्हणून मी मावशी म्हणायचो. तिच्या गालाला आतून गाठ होऊन ती फुटली होती. घरात तिचं ताट-तांब्या वेगळा केला होता आणि जेवायला ती गोठ्यात बसत होती. 'तो रोग' लागतो, असं सगळ्यांना पक्कं वाटायचं. दवाखान्यात आल्यावरही ती माठाला हात लावीना. साहेबांनी तिच्या हातातला तिचाच तांब्या घेतला, तोंड लावून पाणी प्यायले आणि तिला परत दिला. ती बघतच राहिली. मग हळू म्हणाली, "बाटलं आता तुमचं तोंड, साहेब."

"बाटू दे," साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून दवाखान्यात नियम झाला, की कुणी एकट्याने जेवायचं नाही. दुपारी मागच्या शेडमध्ये सगळ्यांची एक पंगत. भाकर एकाची, पिठलं दुसऱ्याचं, ज्यांना चावता येत नाही त्यांच्यासाठी दुधात कुस्करलेला भात. साहेब स्वतः त्यात बसत. गावातून कुणी बघायला आलं तर त्यालाही बसवत, म्हणजे रोग लागत नाही हे त्याने घरी जाऊन सांगावं. रोग्यांना पुन्हापुन्हा बजावत, "शेजाऱ्याच्या ताटात काय आहे ते आधी बघायचं, मग आपला घास उचलायचा." लोकांना ते पटायला वेळ लागला नाही. आपल्याकडे तशीच रीत आहे. रोगाने तेवढी मोडली होती.

साहेबांची एकच तळमळ होती. किरणांचा इलाज आणि मोठं ऑपरेशन मुंबईतच व्हायचं. इथून मलकापूर, तिथून रेल्वे, मग मुंबईत कुणाच्या दारात उभं राहायचं? कितीतरी रोगी मलकापूरच्या फलाटावरूनच मागे फिरत. म्हणून साहेब मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाला सारखं विनवत होते, की तुमचा एक डॉक्टर महिन्यातून एकदा इकडे पाठवा. शेवटी तिकडून होकार आला, पण अटीवर. तोंडाच्या कॅन्सरवर एक नवी गोळी ते तपासून पाहत होते. ती तपासणी आमच्या दवाखान्याने नेटकी करून दाखवावी. मग दर महिन्याला डॉक्टर येईल, कायमचा.

रोग्यांना समजावण्याचं काम साहेबांनी दुसऱ्यावर सोडलं नाही. त्या सुमारास शेतकी खात्याचे लोक गावोगाव संकरित ज्वारीचे तुकडे पेरून दाखवत होते. साहेब म्हणाले, "तसंच आहे हे. अर्ध्या वावरात संकरित, अर्ध्यात गावरान. खत सारखं, पाणी सारखं. मंग पीक पाह्यचं. अर्ध्या लोकांले नवी गोळी, अर्ध्यांले तशीच दिसणारी साधी गोळी. बाकी इलाज सगळ्यांचा सारखा."

"मंग मी कोनती जवारी, साहेब?" किसनबुवांनी विचारलं. हे जवळच्याच एका खेड्यातले शेतकरी, गळ्यात माळ, जिभेच्या कडेला रोग.

"मलेच मालूम नाही."

"मंग कोनाले मालूम?"

"मुंबईले. इथं कोणाले कळता कामा नये, नाही तर आपण मनातून एकाकडे झुकतो."

बुवा विचार करून म्हणाले, "पन वावर एकच असलं म्हंजे पाखरं दोन्हीकडचे दाने खातात, साहेब."

सगळे हसले, साहेबही हसले. ज्याला नको होतं त्याला साहेबांनी मोकळं सोडलं. राहिले ते पुढचे कित्येक दिवस एकमेकांना 'ए संकरित' आणि 'ए गावरान' अशा हाका मारत होते.

कुणाच्या बाटलीवर हिरवी चिठ्ठी, कुणाच्या बाटलीवर पिवळी. ज्याची बाटली त्याच्या उशाशी. जेवणानंतर रोज एक गोळी. बुवांची हिरवी, मावशीची पिवळी. काही आठवडे गेले आणि मला दिसायला लागलं. हिरव्यांच्या ओठांना आतून बारीक फोड यायचे, अन्न नकोसं व्हायचं, पण रोगाची जखम आकसत होती. पिवळ्यांचं जिथल्या तिथे, किंवा वाईटच. साहेबांनाही दिसत असणार. आयुष्यभर त्यांनी तोंडंच पाहिली होती. मला एकदा पट्टी बांधताना म्हणाले, "दिसतं ते दिसू द्यायचं. बोलायचं नाही. काही वेळा असं दिसतं आणि नंतर उलटंच निघतं."

मी बोललो. विहिरीवर मावशी भेटली. गाल सुजलेला, बोलताना लाळ गळायची. म्हणाली, "बापू, तू तं आपला हायेस. मले एवढंच सांग, माही गोयी चांगली हाये का नाही?" मी म्हणालो, "मावशी, मला ठाऊक नाही. पण हिरव्यावाल्यांची तोंडं बरी दिसतात." एवढंच. तेवढंच पुरेसं होतं.

पुढे तपासताना साहेबांनी मावशीचा ओठ खाली ओढला आणि आरसा धरून बराच वेळ बघत राहिले. तिच्या ओठालाही आतून तसेच बारीक फोड होते. त्यांनी आरसा खिशात टाकला. दुपारी पंगतीला बसले, जेवले आणि नेहमीसारखे लगेच उठले नाहीत. बुवांनी बाटलीतून गोळी काढली, कमरेच्या पिशवीतून सुपारीचा अडकित्ता काढला, गोळी त्यात धरली आणि कट्कन दोन तुकडे केले. एक तोंडात टाकला, एक शेजारी मावशीच्या ताटाच्या कडेला ठेवला. पिवळ्या चिठ्ठीची आपली गोळी तिने मुकाट्याने भाकरीच्या तुकड्यासारखी बाजूला सारली. पंगतीत आणखी दोन-तीन ठिकाणी हेच चाललं होतं. लपवाछपवी कुठेच नव्हती. साहेब रोज आधी उठत होते, म्हणून त्यांना दिसलं नव्हतं.

साहेबांनी बुवांकडून अडकित्ता मागून घेतला. उलटसुलट करून पाहिला.

"बुवा, कधीपासून?"

"झाले बहू दिवस."

"काऊन?"

"आता काऊन म्हंजे? बाई बाजूले बसते, साहेब. आपून चांगलं खावं अन् तिनं तोंडाकडं पाहावं, हे काय जेवनं झालं? तुम्हीच तं म्हनता, बाजूच्याचं ताट पाहा."

"पण तुझी गोळी चांगली, हे तुले सांगतलं कोणी?"

मी पाण्याची बादली घेऊन उभा होतो. मावशीने मान खाली घातली.

"कोन सांगते," बुवा म्हणाले. "तोंडच सांगते ना."

साहेबांनी अडकित्ता परत दिला. माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो आणि तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "काही सांगू नकोस. सांगितलंस तर मला तुला काढावं लागेल, आणि मला पट्टी नीट बांधता येत नाही."

मुंबईहून तपासणीसाठी एक डॉक्टर बाई यायच्या होत्या. साहेब गप्प राहिले असते तर त्यांना काही कळलं नसतं. कागद सगळे चोख होते. त्या आल्या, खूश झाल्या, महिन्याचा कुठला वार सोयीचा पडेल असं विचारू लागल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात होतो. साहेब म्हणाले, "वार ठरवू नका. आमच्या वावरात पाखरं शिरली." आणि सगळं सांगितलं.

बाईंनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं."

"नसतंच कळलं. मग तुम्ही ती गोळी देशभर दिली असती, नाही तर देशभर बंद केली असती. आमच्या बुवांच्या अडकित्त्याच्या भरवशावर."

"रोग्यांना कळलं कसं, कुठली गोळी कुठली?"

"पंगत एक ठेवली ती मी," साहेब म्हणाले. "चूक माझी लिहा."

बाईंनी तेच लिहिलं असावं. उरलेल्या बाटल्या त्या बरोबर घेऊन गेल्या. दर महिन्याचा डॉक्टर आला नाही. साहेबांनी निदान बुवांपुरती गोळी ठेवा म्हणून विनवलं. तपासणी मोडल्यावर गोळी देता येत नाही, असं उत्तर आलं. बुवा त्या उन्हाळ्यात गेले, मावशी त्यांच्या मागून. बुवांना पूर्ण गोळी मिळत राहिली असती तर ते वाचले असते का, असं मी साहेबांना एकदा विचारलं. ते म्हणाले, "ते आता कुणालाच कळणार नाही. नुकसान झालं ते हेच."

गावाला मात्र एवढंच दिसलं, की मुंबईची गाडी आली आणि औषध उचलून घेऊन गेली. का नेलं? कुणीतरी म्हणालं, डॉक्टरनं विकलं असेल, पकडलं असेल. एसटी थांब्याजवळच्या हॉटेलात मला चारचौघांत विचारलं, "कंपाउंडर, खरं काय हो?" मी म्हणालो, "साहेबांना विचारा." खोटं बोललो नाही. पण त्या उत्तराचा अर्थ लोक काय लावतील, हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो. खरं सांगितलं असतं तर विहिरीवरचं बोलणंही सांगावं लागलं असतं, आणि पोटाला ही एकच नोकरी होती.

मुंबईचा डॉक्टर येत नाही म्हटल्यावर साहेब स्वतःच रोग्यांना घेऊन मुंबईला जायला लागले. दर महिन्याला तोंडाला फडकी बांधलेली माणसं मागे घेऊन ते मलकापूरच्या गाडीत बसत. तिकडे त्यांच्यासोबत रांगेत उभे राहत. आता फलाटावरून कुणी मागे फिरत नव्हतं. त्यावरूनही लोक बोलले. डॉक्टरला मुंबईत रोग्यामागे दलाली मिळते म्हणाले. साहेबांच्या कानावर ते गेलं होतं. त्यांच्या घरच्या बाईंच्या तर नक्कीच. एक दिवस फाटकाशी त्यांनी मला थांबवून विचारलं, "लोक असं का हो बोलतात? तुम्हाला काही माहीत आहे?" मी म्हणालो, "लोकांचं काय मनावर घ्यायचं." त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही.

साहेब शेवटपर्यंत इथेच राहिले. मुंबईच्या चकरा पायांनी नाही म्हणेपर्यंत चालू होत्या. त्यांच्या प्रेताला आलेली बहुतेक माणसं बाहेरगावची होती, तोंडावर ऑपरेशनचे व्रण असलेली. आमच्या गावची थोडी.

आता माझीही फार वर्षं उरली नाहीत. परवा मी किसनबुवांच्या मुलाकडे गेलो. तोही म्हातारा झालाय, ओसरीवर बाजेवर बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं. विहीर, हिरवी चिठ्ठी, अडकित्ता, हॉटेलातलं माझं उत्तर. बापाच्या अर्ध्या गोळ्या माझ्या बोलण्यापायी गेल्या, हेही सांगितलं.

तो म्हणाला, "मले मालूम हाये हे. बाबानं सांगतलं होतं."

"कधी?"

"तवाच. सुभद्राबाईनं त्याले सांगतलं, त्यानं घरी सांगतलं. आमच्या आईले मालूम होतं, भावकीले मालूम होतं. अर्ध्या गावाले मालूम होतं म्हना ना."

"मग कुणी बोललं का नाही? साहेबांचं नाव खराब होत होतं."

"कसं बोलावं? तुमची नोकरी गेली असती. तुम्ही गावचे, कंपाउंडर." त्याने पाय बाजेवर घेतले. "डॉक्टर काय, परका मानूस. आम्हाले वाटलं, जाईल निंघून आपल्या पुन्याले, तिथं कोन इचारते त्याले. तो गेलाच नाही."